छातीत धडधडते, रिपोर्ट मात्र नॉर्मल

पत्र सहा पानी आहे. लिहिणारी मुलगी अठरा वर्षांची, मध्य प्रदेशात दोन पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या मराठी घरातली. बारावीला उत्तम गुण मिळाले, पण ‘नीट’च्या परीक्षेत मेडिकलची जागा मिळण्याइतके पडले नाहीत. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असे ठरले आणि घरच्यांनी तिला कोट्याला ठेवले. खोली, मेस आणि क्लासची फी यांसाठी वडिलांनी कर्ज काढले आहे. हे तिला कोणी सांगितलेले नाही. दिवाळीत घरी गेली तेव्हा पलीकडच्या खोलीतले बोलणे तिच्या कानावर पडले.

गेले चार महिने तिला रात्री दोन-अडीचच्या सुमारास दचकून जाग येते. छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, हाताच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. एकदा तर हार्ट अ‍ॅटॅकच आला असे वाटून रूममेटला उठवून ती रात्रीच दवाखान्यात गेली. ईसीजी काढला, पुढे एकोही झाला. दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नकोस.” आई फोनवर म्हणाली, “बघ, काही झालेले नाही तुला. अभ्यासाकडे लक्ष दे.” चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता ती दिवसातून पंधरा-वीस वेळा मनगटावर बोट ठेवून नाडी मोजते आणि मोबाइलवर लक्षणे शोधत बसते. रविवारच्या चाचणीत क्रमांक घसरतो आहे. “इथे सगळे माझ्याहून हुशार आहेत, मी चुकून इथे आले,” असे तिने दोन ठिकाणी लिहिले आहे. शेवटच्या पानावर एकच प्रश्न आहे: “मला खरेच काही आजार आहे, की मी ढोंग करते आहे?”

ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तरीही हे पत्र वाचून पुष्कळ घरांना आपलेच कोणी आठवेल. कोट्याऐवजी लातूर म्हणा, हैदराबाद म्हणा; नीटऐवजी जेईई, सीए किंवा स्पर्धा परीक्षा म्हणा. तक्रार तीच असते आणि दवाखान्यातून मिळणारे उत्तरही बहुधा तेच असते.

मुली, तू ढोंग करत नाहीस. तुझ्या हृदयालाही, तपासण्या सांगतात त्याप्रमाणे, काही झालेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तुला कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून तू अडकली आहेस.

माणूस घाबरला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य सुटते. हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो, तळहाताला घाम येतो, पोटात कालवते. समोर वाघ आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. रविवारची चाचणी म्हणजे वाघ नव्हे, हे तुला कळते. शरीराला कळत नाही. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात त्या यामुळे, डोके हलके होते तेही यामुळे. चमत्कारिक भाग असा की, हवा भरपूर आत जात असतानाही ती पुरत नाही असेच वाटत राहते. मग माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि मुंग्या आणखी वाढतात. हा झटका रात्री झोपेतूनही येऊ शकतो. डॉक्टरांना तो चांगला ओळखीचा आहे. तो बहुधा दहा-एक मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि ओसरू लागतो. अतिशय भयंकर वाटतो, पण त्याने हृदय बंद पडत नाही.

म्हणजे धडधड खरी, मुंग्याही खऱ्या. त्यांचा तू लावलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे.

मग रिपोर्ट नॉर्मल आल्यावर भीती का गेली नाही? कारण अशा भीतीला पुराव्याची भूक असते, आणि ती भागत नाही. ईसीजीने चार दिवस समाधान दिले. नंतर मनात आले, ‘ईसीजी काढला तेव्हा धडधड थांबली होती, नेमकी धडधडत असताना काढला असता तर?’ नाडी मोजण्याचेही तसेच. काळजीने नाडीवर बोट ठेवले की काळजीनेच ठोके वाढतात, वाढलेला आकडा पाहून काळजी दुणावते. दिवसातून वीस वेळा मोजणे म्हणजे दिवसातून वीस वेळा स्वतःला घाबरवणे. मोबाइलचे तर विचारूच नका. तिथे ‘धडधड’ लिहिले की पहिल्या पानावर हृदयविकार, दुसऱ्यावर गाठ. हा दोष केवळ मोबाइलचा आहे असेही नाही. जेरोम के. जेरोम या इंग्रज विनोदी लेखकाच्या १८८९ सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकाचा नायक ग्रंथालयात रोगांविषयीचा ग्रंथ चाळतो आणि एक गुडघ्याचे दुखणे सोडले तर त्यातले सगळे रोग आपल्याला झालेले आहेत अशी त्याची खात्री पटते! ज्या मेडिकल कॉलेजात तू जाऊ पाहते आहेस, तिथल्या मुलांनाही ज्या रोगाचे प्रकरण वाचले त्याची लक्षणे स्वतःत दिसू लागतात. इंग्रजीत त्याला ‘मेडिकल स्टुडंट्स डिसीज’ असे नावच पडले आहे. तेव्हा जागा मिळाली की हे आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नकोस.

चार्ल्स डार्विनचे नाव तुझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा, लांब दाढीचा म्हातारा म्हणूनच आपण त्याला ओळखतो. पण तोही एकदा घरच्यांनी डॉक्टरकीला घातलेला मुलगा होता. वडील डॉक्टर, थोरला भाऊ त्याच वाटेवर. १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला एडिंबरोला पाठवले. व्याख्याने त्याला कंटाळवाणी वाटली. भूल देण्याची पद्धत तेव्हा निघालेली नव्हती. दोन शस्त्रक्रिया पाहताना तो उठून बाहेर पळाला, त्यातली एक लहान मुलावरची होती. दोन वर्षांत शिक्षण सुटले. हा मुलगा शिकार आणि कुत्री यांपलीकडे काही करणार नाही, घराण्याला खाली पाहायला लावणार, असे वडिलांनी एकदा ऐकवल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. मग त्याला केंब्रिजला धाडले, धर्मोपदेशक तरी होईल म्हणून.

१८३१ च्या अखेरीस, बावीस वर्षांचा असताना, ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला निघण्याची संधी त्याच्यापुढे आली. हवा खराब असल्याने जहाज बंदरात अडकून पडले होते. त्या मुक्कामात त्याच्या छातीत धडधडू लागले, दुखू लागले. अर्धवट वैद्यकीय ज्ञान गाठीला असलेल्या तरुणाची व्हावी तशीच त्याचीही खात्री झाली की, आपल्याला हृदयविकार आहे. आणि त्याने डॉक्टरला मुद्दामच दाखवले नाही; डॉक्टर प्रवासाला अपात्र ठरवतील ही धास्ती! तो तसाच निघाला. प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला आणि डार्विन त्यानंतरही १८८२ पर्यंत जगला. पुढे त्याला प्रकृतीच्या तक्रारी जन्मभर होत्या हे खरे, त्यांचे निदान काय यावर डॉक्टर आजही वाद घालतात. पण बंदरातल्या त्या धडधडीने त्याचा जीव गेला नाही.

डॉक्टरला न दाखवण्याचे त्याचे धोरण मात्र कोणी उचलू नये. त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. डोकेदुखी, ताप, धाप लागणे या तक्रारी त्यांना निघण्याआधीपासून होत्या. परदेशातली थंडी, न मानवणारे अन्न आणि अभ्यासाचे ओझे यांत त्या वाढल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. आपण ही कहाणी मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो आणि तशी ती आहेच. पण शरीर वारंवार हाक मारत असताना शिकत राहिलेल्या मुलीचीही ती कहाणी आहे, हा भाग सांगताना आपण घाईने पुढे जातो.

म्हणून, ‘टेन्शन आहे’ असे म्हणून वाटेला लावण्यापूर्वी एकदा, आणि एकदाच, नीट तपासणी व्हायला हवी. हृदयाची झाली. पण तुझ्या पत्रात रक्ताच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही, याचे आश्चर्य वाटते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की जिना चढताना धाप लागते, धडधडते, वाचताना लक्ष लागत नाही, आणि मुलगी समजते की आपली बुद्धीच कमी पडते आहे. मेसचे जेवण नकोसे म्हणून बिस्किटे आणि चहावर दिवस काढणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन न पाहता तिला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणे मला पटत नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी धडधड होते, हात थरथरतात, वजन उतरते. बी-१२ हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते. शाकाहारी घरातल्या आणि दूधही न घेणाऱ्या मुलांत ते कमी पडते आणि हातापायांना मुंग्या येतात. फरक एवढाच की, त्या मुंग्या दिवसभर रेंगाळतात. घाबरल्याच्या मुंग्या झटक्याबरोबर येतात आणि झटक्याबरोबर जातात.

या तीन तपासण्या एकाच खेपेला होतात. कमी निघाले तर उपचार साधे आहेत, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सांगितले तितके महिने घ्यावेत. लोहाच्या गोळीबरोबर लगेच चहा घेऊ नये, चहामुळे लोह अंगी लागत नाही.

धावताना किंवा खेळताना भोवळ येऊन पडणे, घरात कोणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झालेला असणे, सतत ताप, कारण नसताना वजन उतरणे, शौचावाटे रक्त, पहाटे डोके दुखून उलटी होणे, यांतले काही असेल तर ते काळजीच्या खाती टाकू नये, डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. यांतले काहीही नसेल आणि रक्तही ठीक निघाले, तर तपासणीचा विषय तिथे मिटवायचा. दुसरा डॉक्टर, तिसरा ईसीजी, चौथे मत असे करत राहिलीस तर पैसे जातील आणि भीती वाढेल.

आता झोपेकडे वळू. पत्रात तू दिनक्रम दिला आहेस: रात्री दीडपर्यंत अभ्यास, अडीचला दचकून जाग, साडेसहाला क्लास. दिवसभरात सात-आठ कप चहा, त्यातला शेवटचा रात्री अकराला. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो आणि धडधड वाढवण्यात त्याचाही हात असतो. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा वाचलेले डोक्यात पक्के बसण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या घागरीने पाणी भरणे. पण ‘मी झोपले तर बाकीचे पुढे जातील’ ही भीती असल्या युक्तिवादाने जात नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून एवढेच कर: दोन आठवडे चहा दुपारी चारनंतर बंद आणि दिवा साडेअकराला बंद. मोबाइल उशाशी नको, रूममेटच्या टेबलावर. दोन आठवड्यांनी चाचणीतल्या निष्काळजी चुका मोज, वाढल्या की घटल्या ते पाहा.

झटका आला तर काय करावे, हेही सांगून ठेवणे बरे. उठून बस. श्वास ओढण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. पाच-दहा मिनिटे. मुंग्या कमी होतात, कारण कार्बन डायऑक्साइड पूर्वपदावर येतो. नाडीला हात लावायचा नाही. तो थांबवण्याची धडपडही फार करायची नाही. ‘आला आहे, कळसाला जाईल आणि उतरेल’ एवढे मनाशी म्हणायचे. हे पहिल्या रात्री जमणार नाही, पाचव्या-सहाव्या रात्री जमू लागते.

तुझ्या पत्रात धडधडीपेक्षा मला जास्त टोचले ते दुसरेच वाक्य, ‘मी चुकून इथे आले’ हे.

जरा हिशेब करून पाहू. २०२४ साली नीटला बसलेले विद्यार्थी २३ लाखांवर होते. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, त्यांतल्या जवळपास निम्म्या सरकारी. म्हणजे एकवीस जण बसले तर जागा एकाला. उरलेले वीस जण मठ्ठ आहेत असे म्हणायचे का? परीक्षा निवड करते ती जागा कमी आहेत म्हणून, आणि कुठेतरी रेघ ओढावी लागते म्हणून. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकल्यास एक वजा, अशा मोजणीत रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोन मुलांत कधीकधी एका प्रश्नाचा फरक असतो. शिवाय परीक्षा घेणारे तरी निर्दोष कुठे आहेत? त्याच २०२४ साली पेपरफुटीच्या तक्रारी झाल्या, १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द करावे लागले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा मोजपट्टीने स्वतःची सगळी लायकी मोजायची, हे तुला तरी योग्य वाटते का?

दुसरे असे की, तू कोणाशी तुलना करते आहेस तेही पाहा. गावाकडे तू वर्गात पहिली येत होतीस. कोट्यात तुझ्या बाकावर बसलेल्या सगळ्याच मुली आपापल्या गावी पहिल्या येत होत्या. तू आहेस तितकीच हुशार आहेस. भोवतालचा वर्ग तेवढा बदलला. त्यांतल्या किती जणी रात्री छतातल्या दिव्याकडे बघत पडलेल्या असतात, हे तुला माहीत नाही, कारण तूही त्यांना सांगितलेले नाहीस.

‘मी लबाडीने इथे पोहोचले, एक दिवस पितळ उघडे पडेल’ या भावनेला मानसशास्त्रात नाव आहे. पॉलिन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांनी पाहिलेल्या दीडशेवर स्त्रिया पदव्या मिळवलेल्या, आपापल्या क्षेत्रात मान्यता पावलेल्या किंवा चांगल्या गुणांनी शिकत असलेल्या होत्या, आणि तरी आपण हुशार नाही, लोक आपल्याला फसले आहेत, असेच त्यांतल्या पुष्कळ जणींना वाटत होते. म्हणजे यश मिळाल्याने ही शंका फिटते असे नाही. चांगला क्रमांक आला की खात्री वाटेल आणि मग अभ्यास सुरळीत होईल, असा क्रम धरून बसलीस तर वाट पाहत राहशील.

खात्री वाटणे आणि येत असणे या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना एक उतारा पुन:पुन्हा वाचायला दिला. काहींना एकदा वाचून पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावले, तेही अनेकदा. लगेच विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते आणि आपल्याला चांगले लक्षात राहील असा भरवसाही त्यांनाच जास्त होता. आठवड्याने पुन्हा विचारले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. वाचताना सगळे ओळखीचे वाटते म्हणून बरे वाटते. आठवून लिहिताना अडते, म्हणून ‘मला काहीच येत नाही’ असे वाटते. पण शिकणे नेमके त्या अडण्यात चाललेले असते. तेव्हा चाचणीनंतर क्रमांकाचा तक्ता पाहण्याऐवजी चुकांची वही उघड. चूक माहीत नसल्यामुळे झाली, घाईने झाली की दोन पर्यायांत गोंधळून झाली, एवढे तीन रकाने पुरेत. क्रमांक इतरांवर अवलंबून असतो, त्याचे तू काही करू शकत नाहीस. वही तुझ्या हातातली आहे.

आता आई-बाबांशी थोडे बोलायचे आहे. मुलीने हे पान त्यांना दाखवावे.

दर रविवारी संध्याकाळी फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “किती पडले?” असे तिने लिहिले आहे. आपण काळजीपोटी विचारता, यात शंका नाही. पण शनिवारपासूनच तिला त्या फोनची धास्ती असते. गुण तिने मंगळवारी दोन ओळींत कळवावेत आणि रविवारच्या फोनवर त्यांचा विषय काढू नये, असे ठरवून टाका. फोनवर काय जेवली, पायाचे दुखणे कसे आहे, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्ले झाली, असले काहीही चालेल. “काही झालेले नाही तुला” हे वाक्य मात्र टाळा. ते धीर द्यायला म्हटलेले असते, पण मुलीला ऐकू येते ते ‘तू खोटे बोलतेस’ असे.

कर्जाची गोष्ट तिला माहीत आहे. ती माहीत नाही असे धरून चाललात तर ती एकटीच त्याचे ओझे वाहील. आकडा सांगा, आपण तो कसा फेडणार आहोत तेही सांगा. त्यात तिच्या निकालाचा काही संबंध नाही, हे स्वतः वडिलांनी सांगावे. अठरा वर्षांच्या मुलीला एवढे समजते.

आणि हा प्रयत्न शेवटचा की नाही, हे निकालानंतर रडारडीत न ठरवता आत्ताच ठरवा. नीटला बसण्याची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. कितीदा बसावे यालाही मर्यादा नाही. ज्यांना उशिरा संधी मिळते त्यांच्यासाठी हे चांगले झाले. पण अनेक घरांत ‘आणखी एक वर्ष’ असे करत मुलांची तीन-तीन, चार-चार वर्षे जातात, कारण थांबा म्हणणारे कोणीच उरले नाही. ते काम आता घराला करावे लागते. माझे मत विचाराल तर, दुसऱ्या प्रयत्नानंतर हातात एखादा प्रवेश असल्याशिवाय तिसऱ्याचा विचार करू नये. नर्सिंग, फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी, शेतकी, यांपैकी तिला काय पाहावेसे वाटते ते विचारा. तिने पत्रात एके ठिकाणी ओझरते लिहिले आहे की, वनस्पतिशास्त्र वाचताना धडधडत नाही! मूलभूत विज्ञानासाठी भोपाळ आणि पुण्याला ‘आयसर’ संस्था आहेत, त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. दुसरे दार उघडे आहे असे कळले की पहिल्या दाराशी मूल जास्त शांतपणे उभे राहते, असा समुपदेशकांचा नेहमीचा अनुभव आहे.

क्लासकडूनही काही गोष्टी मागता येतात, याची पुष्कळ पालकांना कल्पना नसते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि मूल मध्येच सोडून गेले तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असे त्यात आहे. आपल्या मुलीच्या क्लासात समुपदेशक कोण, कधी भेटतात, एवढे विचारायला लाजू नका.

एक कठीण गोष्टही बोलायला हवी. २०२३ साली एकट्या कोट्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. या मुलीच्या पत्रात तसे काही नाही, मी दोनदा वाचून पाहिले. पण दुसऱ्या एखाद्या घरातले मूल फोन उचलणे टाळू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलू लागले, तर त्याला सरळ विचारा, “जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का?” असे विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नका, उपदेश करू नका, त्याला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठी-हिंदीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. परीक्षेच्या धास्तीने झोप येत नाही एवढ्या कारणासाठीही तिथे फोन करायला हरकत नाही.

आता पुन्हा तुझ्याकडे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, असे तुझ्या काकूंनी सांगितले म्हणून तू गेली नाहीस. काकूंचा मान ठेवून सांगतो, तसे नसते. अशा झटक्यांसाठी ‘सीबीटी’ नावाची बोलण्याची उपचारपद्धती आहे. साधारण दहा-बारा बैठकांत, धडधडीचा अर्थ तू काय लावतेस आणि नाडी मोजणे, मोबाइल चाळणे या सवयी कशा सोडायच्या, यावर पद्धतशीर काम होते. काहींना काही महिने औषध लागते, तेही सवय न लावणारे असू शकते. रूममेटने दिलेली झोपेची गोळी मात्र घेऊ नकोस, आणि पेपरच्या दिवशी धडधड थांबवणारी गोळी कोणी सुचवली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दम्याच्या माणसाला तसल्या काही गोळ्या धोक्याच्या ठरतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, कोट्यातही आहे. तिथे खर्च फारसा येत नाही.

बाबांना दोन दिवसांची रजा काढून येऊ दे. रविवार सोडून यावे. पहिल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला द्या, मग दोघांनी कुठे तरी गरम पोहे खा. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा आणि जाण्यापूर्वी चार प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर आठवत नाहीत. परत ईसीजी काढू का, असे तू ताजा कलम घालून विचारले आहेस. तो प्रश्न त्या कागदावर लिही. त्यांनी ‘नको’ म्हटले तर काढू नकोस.